ताण तोडताना : प्रस्तावना

काटोल-नरखेडच्या संत्रा बागायतदाराला ताण या शब्दाचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. अंबिया बहर धरायचा असेल तर थंडी पडू लागली की तो बागेचं पाणी बंद करतो. झाडाची वाढ थांबते, पानं मलूल होतात, काही गळून पडतात आणि झाड फांद्यांमध्ये अन्न साठवायला लागतं. हलक्या जमिनीत हे लवकर साधतं. भारी काळ्या जमिनीत ओल धरून राहते, तिथं ताण बसायला जास्त दिवस लागतात. मग जानेवारीच्या सुमारास तो ताण तोडतो. खत घालतो, पहिलं पाणी हलकं देतो, पुढचं त्याहून थोडं अधिक. ताणाशिवाय बहर नाही, हे त्याला माहीत असतं. तोडण्याचा दिवस फार लांबला तर बहर राहतो बाजूला आणि झाडच वाळायला लागतं, हेही माहीत असतं. अंबिया आणि मृग असे दोन्ही बहर एकाच झाडाकडून घेत राहिलं की बाग लवकर खंगते, हे तो शेजारच्या शेताकडे बोट दाखवून सांगतो.

या पुस्तकात बोलणाऱ्यांपैकी कुणी नागपूरजवळ हिंगण्याला कारखाना चालवतं, कुणाचा इतवारीत ठोक व्यापार आहे, कुणी बुटीबोरीत दोनशे माणसं सांभाळतं, कुणाचं रुग्णालय आहे. एकीनं स्वयंपाकघरात सुरू केलेला मसाल्याचा धंदा चार जिल्ह्यांत नेला आहे. या सगळ्यांनी ताण घेतला, बहुतेकांनी आपणहून घेतला, आणि त्याच्या बळावर बहरही आला. बिघडलं ते पुढं. ताण तोडायचा दिवस त्यांच्या कॅलेंडरात कधी आलाच नाही.

मी त्यांच्यातलीच एक. वडिलांनी हिंगणा एमआयडीसीत उभं केलेलं पत्राकामाचं युनिट मी सतरा वर्षं चालवलं. वीजपॅनेलच्या पेट्या आम्ही करतो. एका मार्चमध्ये, मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट पाच महिने अडकलेलं असताना, माझ्या लक्षात आलं की मी रोज सकाळी गेटबाहेर गाडी उभी करून वीस-पंचवीस मिनिटं नुसती बसून राहते. रडू येत नव्हतं, भीतीही वाटत नव्हती. आत जाऊन काय करायचं ते सगळं ठाऊक होतं. स्टिअरिंगवरचे हात उचलत नव्हते. बँकेची पाकिटं न फोडता ड्रॉवरमध्ये टाकायची सवय त्याआधीच लागली होती. ज्या कामगारांच्या मुलांची नावं मला पाठ होती त्यांच्याशी मी ‘किती पीस झाले’ यापलीकडे बोलत नव्हते. रात्री दोनला जाग यायची आणि डोक्यात आकडेमोड सुरू व्हायची. त्या आकडेमोडीतून एकदाही उत्तर निघालं नाही.

वडिलांच्या काळापासून असलेले आमचे फोरमन एक दिवस केबिनमध्ये येऊन उभे राहिले. म्हणाले, ‘‘ताई, पंधरा दिवस तुम्ही येऊच नका. लागलं तं मी फोन करीन. नाही लागलं तं नाही करणार.’’ मी चिडले आणि घरी गेले. पंधरा दिवसांत त्यांचा एकच फोन आला, तोही गॅस सिलिंडरच्या सहीसाठी. सोळाव्या दिवशी मी ताजीतवानी होऊन परतले आणि आठवड्याभरात पुन्हा गेटबाहेर गाडीत बसलेली होते. असं का झालं, हे समजून घेण्याच्या धडपडीतून पुढची चार वर्षं गेली आणि हे पुस्तक झालं.

मराठीत थकव्याच्या छटा पुष्कळ आहेत. शीण आहे, शिणवटा आहे, दमणूक आहे, मेटाकुटीला येणं आहे, उबग आहे, वीट आहे. बर्नआउट हा शब्द आपल्याकडे अलीकडे आला. पण नागपूरच्या बाजारात कान देऊन ऐकलं तर ही अवस्था एका जुन्याच वाक्यात नेमकी सांगितली जाते : ‘‘काम तं करून राहिलो, पण मन नाही लागून राहिलं.’’ या पुस्तकासाठी मुलाखती घेताना हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं की शेवटी आम्ही मोजणं सोडलं. बोलणाऱ्याला वाटत असतं की आपण किरकोळ तक्रार करतो आहोत. जगभरच्या संशोधकांनी पन्नास वर्षं जे मोजलं ते त्या वाक्यात जवळपास सगळं आहे.

बर्नआउट हा शब्द आला कुठून, हे आपल्या भागातल्या वाचकानं मुद्दाम जाणून घ्यावं. १९६० साली ग्रॅहम ग्रीन या इंग्रज लेखकाची ‘अ बर्न्ट-आउट केस’ ही कादंबरी आली. तिच्यात एक नामवंत वास्तुविशारद यश, कीर्ती, माणसं सगळ्यांपासून तुटून काँगोतल्या कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत जाऊन राहतो. ‘बर्न्ट-आउट केस’ हा तिथल्या डॉक्टरचा शब्द आहे. ज्याच्या अंगातला कुष्ठरोग आता थांबला आहे, पण थांबेपर्यंत बोटं झडून गेली आहेत, असा रुग्ण. रोग नाही, पण पूर्वीचा माणूसही नाही. नागपूरहून चंद्रपूरच्या रस्त्याला लागलं की वरोरा येतं. तिथं बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये आनंदवन सुरू केलं ते नेमकं याच माणसासाठी. औषधानं जंतू मरतात, पण झडलेल्या बोटांनी काम कसं करायचं, ज्या गावानं हाकललं त्याच्याशी नातं कसं जोडायचं, हे औषध सांगत नाही. त्यासाठी वेगळी जागा, वेगळी अवजारं, सोबतीला माणसं आणि नव्यानं शिकलेलं काम लागतं. बर्नआउटमधून सावरण्याबद्दल मी आजवर जे वाचलं त्यात मला आनंदवनाइतकं काही उपयोगी पडलं नाही. आजार थांबणं आणि माणूस उभा राहणं यांत मोठं अंतर आहे, आणि खरं काम त्या अंतरात आहे.

शास्त्रीय लेखनात हा शब्द रुजवला तो हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या न्यूयॉर्कच्या मानसशास्त्रज्ञानं, १९७४ मध्ये. व्यसनी तरुणांसाठी चालणाऱ्या मोफत दवाखान्यात तो काम करत होता. सर्वांत उत्साही स्वयंसेवकच वर्षभरात चिडचिडे, कोरडे आणि रिकामे होतात, हे त्यानं पाहिलं, स्वतःतही पाहिलं. पुढं कॅलिफोर्नियात क्रिस्टिना मास्लाख यांनी सुझन जॅक्सन यांच्यासोबत १९८१ मध्ये हे मोजण्याची प्रश्नावली तयार केली. तिचे तीन भाग आहेत. भावनिक दमणूक, माणसांविषयी आलेला कोरडेपणा, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. माझी न फोडलेली पाकिटं, ‘किती पीस झाले’ आणि रात्री दोनची आकडेमोड यांना नाव मिळालं ते इथं.

त्यानंतर या विषयात अनेक घराणी झाली. एक घराणं म्हणतं, माणसाच्या स्वभावात पाहा. जो ‘नाही’ म्हणू शकत नाही, जो आपली किंमत कामावरून ठरवतो, तो आधी जळतो. दुसरं म्हणतं, माणूस सोडा, कामाची रचना पाहा. रॉबर्ट करासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं की कामाची मागणी जास्त आणि त्यावरचा ताबा कमी, ही जोडी सर्वांत घातक. जर्मनीत योहानेस सिग्रिस्ट यांनी १९९६ मध्ये कष्ट आणि मोबदला यांच्यातल्या असमतोलावर बोट ठेवलं. मोबदल्यात पैसा आला, तसा मानही आला. मास्लाख आणि मायकेल लायटर यांनी नव्वदच्या दशकात सहा ठिकाणं सांगितली जिथं माणूस आणि काम यांचं बिनसतं : कामाचा भार, ताबा, मोबदला, माणसांचा मेळ, न्याय आणि मूल्यं. मला सगळ्यांत जवळचा वाटतो तो स्टीव्हन हॉबफॉल यांचा १९८९ चा सिद्धान्त, कारण तो व्यापाऱ्याला एका दमात समजतो. माणसाकडे झोप, नाती, पत, आत्मविश्वास, वेळ असं भांडवल असतं. नफा खाऊन चालतं, भांडवल खायला लागलं की पुढचा तोटा मागच्यापेक्षा लवकर येतो. आणि उधारीवर चालणाऱ्या दुकानासारखं, बाहेरून बराच काळ सगळं ठीक दिसतं.

एक वाद अजून मिटलेला नाही. बर्नआउट म्हणजे वेगळं काही आहे की ते नैराश्यच, कामाच्या कपड्यांत आलेलं? रेन्झो बियांकी आणि अर्विन शोनफेल्ड यांच्यासारखे अभ्यासक दोन्हींत फारसा फरक मानत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये मधला मार्ग घेतला. आजारांच्या नव्या वर्गीकरणात बर्नआउटला कामाशी निगडित स्थिती म्हणून जागा दिली, आजार म्हणून दिली नाही. स्वीडननं त्याआधीच, २००५ पासून, कामाच्या अतिताणातून आलेल्या थकव्याचं अधिकृत निदान मान्य केलं आहे. तिथं डॉक्टरच्या चिठ्ठीवर दीर्घ रजा मिळते. या वादात मला वाचकासाठी एकच व्यवहार्य गोष्ट दिसते. घरी, सणावारी, नातवंडांतही मन लागत नसेल, किंवा जगणंच नकोसं वाटत असेल, तर त्याला बर्नआउट म्हणून घरी बसू नये, मनोविकारतज्ज्ञाकडे जावं. शासनाची टेली-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते आणि मराठीतही बोलते.

या सगळ्या संशोधनात मालक कुठं आहे? शोधायला गेलं तर फारसा सापडत नाही. परिचारिका, शिक्षक, समाजसेवक, मग कार्यालयीन कर्मचारी, अशी या विषयाची वाटचाल झाली. मालक हा ताण देणारा, घेणारा नव्हे, असंच गृहीत धरलं गेलं. नागपुरात या गृहीताला जुना इतिहास आहे. जमशेदजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी इथं एम्प्रेस मिल सुरू केली आणि त्या काळात कुणाला सुचलंही नसतं ते केलं. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. कामगाराचं शरीर झिजतं आणि त्या झिजेची भरपाई हे गिरणीचं देणं आहे, ही जाण या शहरात तेव्हापासून आहे. पुढं १९४८ च्या कारखाने अधिनियमानं आठवड्याला ४८ तासांची मर्यादा, साप्ताहिक सुटी आणि दर वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस भरपगारी रजा दिली. हे योग्यच झालं. मी स्वतः कामगारांच्या रजेचं रजिस्टर सतरा वर्षं तपासलं, एकाचीही रजा बुडू दिली नाही. त्या रजिस्टरात माझं नाव नव्हतं, आणि ते नसावं यात मला कधी काही वावगं वाटलं नाही.

करासेक यांच्या मांडणीनुसार मालक सुरक्षित असायला हवा. मागणी जास्त, पण ताबाही त्याचाच. लहान आणि मध्यम उद्योजकाच्या बाबतीत हा ताबा फार फसवा असतो. माल दिला, बिल फाडलं, त्यावरचा जीएसटी पुढच्या महिन्यात भरला, आणि गिऱ्हाइकाचे पैसे आलेच नाहीत, ही हिंगण्यातली नेहमीची गोष्ट आहे. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराला ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा कायदा २००६ पासून आहे. पण ज्याच्या ऑर्डरवर निम्मं युनिट चालतं त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? दर महिन्याला बँकेत स्टॉक स्टेटमेंट जातं, सीसीची, म्हणजे कॅश क्रेडिटची, लिमिट त्यावर ठरते, हप्ता ९० दिवस थकला की खातं बुडीत धरलं जातं, आणि गहाण असतं ते राहतं घर. बाहेरून मालक दिसणारा माणूस आतून चार ठिकाणी नोकर असतो. शिवाय त्याला राजीनामा देता येत नाही. हा शेवटचा मुद्दा सगळ्या मुलाखतींत आला, कुठं स्पष्ट, कुठं नुसत्या उसाशात.

घराण्याचा धंदा असेल तर आणखी एक पदर येतो. भावाभावांत वाटणी झालेली असते किंवा व्हायची असते. वडील गादीवर बसत नाहीत पण रोज संध्याकाळी गल्ल्याचा हिशेब विचारतात. दमलो असं म्हटलं की ‘आम्ही तर सायकलवर माल विकला’ हे ऐकावं लागतं. त्यांचं म्हणणं खोटं नसतं, म्हणूनच त्याला उत्तर नसतं. बायकांच्या वाट्याला याउलट येतं. ‘इतकं जड होतंय तर सोड ना, घरात काही कमी आहे का?’ मला हे फार जवळच्या माणसांनी, फार प्रेमानं विचारलं होतं. त्या प्रश्नानं जितकी मी खचले तितकी बँकेच्या नोटिशीनं खचले नाही.

व्यवसायाचा पुढारी आतून रिता होतो आणि मग सावरायला काय करतो, याचं आपल्या भागातलं सर्वांत मोठं उदाहरण वर्ध्यात आहे. मेलेल्या माणसाचं निदान कुणी करू नये, आणि मी जमनालाल बजाजांना बर्नआउट होतं असं म्हणत नाही. पण त्यांची शेवटची वर्षं या पुस्तकातल्या प्रत्येकानं वाचावीत असं मला वाटतं.

१८८९ साली राजस्थानात सीकरजवळ जन्मलेला हा मुलगा वर्ध्याच्या बच्छराज बजाजांच्या घरी दत्तक आला. कापसाच्या व्यापारात मोठा झाला. १९२० च्या नागपूर काँग्रेसमध्ये स्वागताध्यक्ष होता, आणि तिथंच त्यानं गांधीजींकडे त्यांचा पाचवा मुलगा होण्याचं मागणं मागितलं. त्यानंतरची वीस वर्षं पाहिली की दम लागतो. काँग्रेसचा खजिना सांभाळणं, १९२३ चा नागपूरचा झेंडा सत्याग्रह आणि तुरुंग, १९२८ मध्ये वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुलं करणं, खादी, हिंदी प्रचार, जयपूर संस्थानातलं आंदोलन आणि पुन्हा अटक. बजाजवाडीत देशभरचे पाहुणे, सोबतीला उद्योग आणि व्यापार. गांधीजींना लिहिलेल्या पत्रांत त्यांनी आपली मानसिक अशांती उघडपणे मांडली आहे. इतक्या मोठ्या व्यापाऱ्यानं आपल्या मनाची दुर्बळता कागदावर उतरवणं, हे मला त्यांच्या दानापेक्षाही धैर्याचं वाटतं.

१९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहातल्या तुरुंगवासातून ते प्रकृतीच्या कारणानं सुटले. विश्रांतीसाठी उत्तरेत गेले. डेहराडूनजवळ आनंदमयी माँ यांच्या सहवासात त्यांना शांती लाभली. परतल्यावर त्यांनी गांधीजींकडे असं काम मागितलं ज्यात मन स्थिर राहील. त्यातून गोसेवेचं काम ठरलं, गोसेवा संघ स्थापन झाला, आणि बजाजवाडी सोडून ते गोपुरीत झोपडीत राहायला गेले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, ते अचानक गेले.

या कहाणीकडे मी बरीच वर्षं आदर्श म्हणून पाहत आले. आता तीत मला दोन गोष्टी दिसतात. जमनालालजींनी कामाचा गाभा बदलला. अनेकांना हवं असलेलं, अनेक ठिकाणी विखुरलेलं आयुष्य त्यांनी एका हातात मावेल इतक्या कामावर आणलं, आणि मनाला शांती मिळाली. पण नव्या कामालाही ते त्याच वेगानं भिडले. मृत्यूच्या दहा दिवस आधी वर्ध्यात गोसेवेची परिषद भरली होती. मनाचा ताण तुटला, शरीराला मात्र हलकं पाणी द्यायला वेळच मिळाला नाही, असं मला वाटतं. हे मी भक्तिभावानंच लिहिते आहे.

या कहाणीच्या शेजारी गांधीजींचं १९२७ साल ठेवून पाहावं. खादीच्या दौऱ्यात, मार्च महिन्यात कोल्हापूरला त्यांची प्रकृती ढासळली. पुढचे कार्यक्रम रद्द झाले. म्हैसूर संस्थानात नंदीच्या डोंगरावर आणि नंतर बंगळूरला मिळून त्यांनी काही महिने विश्रांती घेतली, आणि मग दौरा बेताबेतानं पुन्हा सुरू झाला. गांधीजींची इच्छाशक्ती जमनालालजींपेक्षा मोठी होती म्हणून हे घडलं, असं मी म्हणणार नाही. त्यांच्याभोवती त्यांना थांबवण्याचा अधिकार असलेली माणसं होती, डॉक्टर होते, आणि त्यांच्याशिवाय काही महिने चालू शकेल अशी संघटना होती. आपल्या धंद्यात असा अधिकार कुणाला आहे, हा प्रश्न मी आता प्रत्येक उद्योजकाला विचारते.

व्यापारी माणसाच्या सावरण्याची आणखी एक वाट आपल्याकडे रुळलेली आहे. सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशातले मारवाडी उद्योजक. अर्धशिशीनं इतके हैराण होते की मॉर्फिनपर्यंत पाळी आली. १९५५ मध्ये ते ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ मध्ये भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं धम्मगिरी उभं राहिलं. नागपूरजवळ महुरझरीला धम्म नाग हे विपश्यना केंद्र आहे. आमच्या पुस्तकातले तिघं तिथं जाऊन आले. दहा दिवस फोन नाही, बोलणं नाही, हे त्यांच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. त्यातल्या दोघांना फार लाभ झाला. तिसऱ्याला त्या शांततेत आपलं नैराश्य असह्य झालं, आणि त्याला डॉक्टरची गरज आधी होती हे नंतर कळलं. साधना करायचीच, पण कधी करायची ते तपासून.

सावरण्याच्या शास्त्रात अलीकडे सर्वांत नेमकं काम जर्मनीत झबीने झोनेनटाग यांनी केलं आहे. शार्लोटे फ्रिट्झ यांच्यासोबत २००७ मध्ये त्यांनी दाखवलं की कामानंतरच्या वेळात चार गोष्टी माणसाला भरून काढतात. कामापासून मनानं सुटणं, शरीराचा सैलपणा, कामाबाहेरचं काहीतरी शिकून त्यात जम बसणं, आणि तो वेळ आपल्या मर्जीनं वापरता येणं. पहिली गोष्ट सर्वांत अवघड. दुकानाचं शटर नऊला पडतं, व्हॉट्सअपचं पडत नाही. सुटीचा फायदा काही आठवड्यांत ओसरतो, हेही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. माझे पंधरा दिवस का वाया गेले, ते इथं कळलं. मी बाहेर पडले होते, युनिट तसंच होतं. गिऱ्हाईक तेच, उधारी तीच, प्रत्येक चेकवर सही माझीच. सावरणं म्हणजे माणसाला दुरुस्त करून त्याच भट्टीत परत घालणं असेल तर ते न केलेलं बरं.

जगात याचं उघड उदाहरण घालून देणाऱ्यांत अंतोनियो ओर्ता-ओझोरियो येतात. ब्रिटनच्या लॉइड्स बँकेचे हे प्रमुख नोव्हेंबर २०११ मध्ये निद्रानाश आणि दमणूक झाल्यानं रजेवर गेले. बँकेनं ते जाहीर केलं, शेअर खाली आला. जानेवारी २०१२ मध्ये ते परतले आणि २०२१ पर्यंत त्या पदावर राहिले. परतताना त्यांनी कामाची पद्धत बदलली, थेट आपल्याकडे येणाऱ्या माणसांची संख्या कमी केली, आणि पुढं कर्मचाऱ्यांच्या मानसिक आरोग्याचा विषय बँकेत लावून धरला. त्यांच्यामागे एक मोठी बँक होती, पगार होता. इतवारीतल्या किराणा व्यापाऱ्यामागे तसं काही नसतं. तरीही एक गोष्ट घेण्यासारखी आहे. त्यांनी कारण लपवलं नाही.

लपवण्याचं आपल्याकडचं कारण मला ठाऊक आहे. नागपूरचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८६४ पासून आहे. इतक्या जुन्या संस्थेचा या शहराला अभिमान वाटायला हवा होता. त्याऐवजी त्या भिंतीचं नाव घेऊन आपण एकमेकांना चिडवत मोठे झालो. मनाच्या डॉक्टरकडे जाताना मी स्वतः शहराच्या दुसऱ्या टोकाचा दवाखाना निवडला आणि गाडी दोन गल्ल्या अलीकडे लावली.

हा विषय आत्ताच का? २०१७ चा जीएसटी, २०२० ची टाळेबंदी आणि त्यानंतरची कर्जं या एकामागून एक आलेल्या गोष्टींनी लहान व्यवसायाचा श्वास आखूड झाला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२० मध्ये देशात ११,७१६ व्यावसायिकांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी शेती क्षेत्रातला हा आकडा १०,६७७ होता. व्यावसायिकांत छोटे फेरीवालेही मोजलेले आहेत, आणि प्रत्येक आत्महत्येमागे बर्नआउट असतं असा अर्थ कुणी काढू नये. पण शेतकरी आत्महत्यांचं दुःख दोन दशकं अंगावर झेललेल्या विदर्भात, शेतकऱ्याला बियाणं आणि खत उधार देणाऱ्या तालुक्याच्या दुकानदाराचं काय झालं, हे आपण विचारलंच नाही. दोघांचा पाऊस एकच असतो. दुसरीकडे २०२३ मध्ये नारायण मूर्तींनी आठवड्याला सत्तर तासांच्या कामाचा आग्रह धरला, २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी नव्वदचा आकडा काढला, आणि देश तासांवर वाद घालत बसला. तासांचा प्रश्न महत्त्वाचा आहेच. पण आमच्या कथनांत सत्तर तास आनंदानं काम करणारे आहेत आणि चाळीस तासांत संपलेलेही आहेत. संपले ते एकटे होते.

हे पुस्तक उपायांची यादी देत नाही. ज्यांनी पडून उठण्याचा प्रयत्न केला त्यांना आम्ही विचारलं की पहिलं हलकं पाणी कोणतं होतं. उत्तरं फार लहान आहेत. दुसऱ्या माणसाला चेकवर सहीचा अधिकार देणं. एक तोट्यातलं पण मानाचं गिऱ्हाईक सोडणं. सीएसमोर पहिल्यांदा खरा आकडा उच्चारणं. मुलाला हिशेब दाखवणं. झोपेची गोळी डॉक्टरनं लिहून दिली तेवढीच आणि तेवढेच दिवस घेणं. रोज सकाळी अंबाझरीला चक्कर मारताना फोन गाडीत ठेवणं. काहींसाठी सावरणं म्हणजे धंदा बंद करणं होतं, आणि ती कथनं आम्ही मुद्दाम मध्यभागी ठेवली आहेत, शेवटी ढकललेली नाहीत. नावं आणि ओळखीच्या खुणा सगळीकडे बदलल्या आहेत. बोली मात्र बदललेली नाही. ‘करून राहिलो’ म्हणणाऱ्याला ‘करत आहे’ म्हणायला लावलं तर त्याच्या बोलण्यातला जीव जातो.

उणिवाही सांगायला हव्यात. गडचिरोली आणि मेळघाटातल्या लहान व्यावसायिकांपर्यंत आम्ही पोचलो नाही. स्त्रिया बोलल्या, पण नवरा घरी नसताना. मालकाच्या कोरडेपणाची झळ ज्यांनी सोसली ते कामगार या पुस्तकात दोनच ठिकाणी बोलतात. त्यांचं वेगळं पुस्तक व्हायला हवं. आमच्या फोरमननी मला सांगितलं की त्या वर्षी माझ्या केबिनचं दार वाजलं की पोरं मशीन चालू नसतानाही मशीनशी जाऊन उभी राहायची. ते मला फार उशिरा कळलं.

आणि एक कथन या पुस्तकात नाही. ते सगळ्यांत चांगलं होतं. तीन बैठकांत सांगितलेलं, सुरुवातीच्या बढाईपासून एका रात्री कळमन्याच्या बाजारात ट्रकशेजारी बसून काढलेल्या तासांपर्यंत. छपाईला जायच्या आधी त्या गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, ‘‘ताई, नाव बदललं तरी बाजारातला माणूस वळखून घेते. माझं सीसीचं रिन्यूअल मार्चमध्ये हाय. बँकेत कोणी वाचलं तं?’’ मी त्यांची पानं त्यांना परत केली. पाकीट हातात घेऊन ते जरा वेळ थांबले आणि म्हणाले, ‘‘लिमिट रिन्यू झाली की आणून देतो. दुसरी आवृत्ती काढाल ना?’’